ब्रह्मानंदाचं पॅकेज

एप्रिल महिना बाकीच्या जगासाठी आंब्यांचा असेल, आपल्यासाठी तो अप्रेझलचा. यंदा माझं पत्र उघडलं आणि मी जाम खूश! लगेच घरी फोन, मित्रांना मेसेज, अख्ख्या टीमला वडापाव. आणि हा आनंद टिकला किती? मोजून दीड तास. कारण मग कॉफी मशीनपाशी शेजारच्या क्युबिकलमधल्या मित्राचा आकडा कळला. माझ्यापेक्षा चार टक्के जास्त! माझ्या पत्रातला आकडा काही बदलला नव्हता, महिनाअखेरीला खात्यात पडणारे पैसेही तेवढेच. पण मूडचा पार कचरा झाला. त्याला धड ‘अभिनंदन’सुद्धा म्हटलं नाही. कॉफी घेतली आणि सटकलो.

घरी पोचलो तो एवढंसं तोंड करून. आई म्हणाली, ‘‘काय रे, दुपारी फोनवर तर ब्रह्मानंद झाला होता तुला. तेवढ्यात काय बिनसलं?’’

ब्रह्मानंद! शब्द डोक्यातच अडकला.

तसा हा शब्द आपण मराठी माणसांनी भलताच घरगुती करून टाकलाय. रविवारी श्रीखंड-पुरी चेपून सोफ्यावर आडवा झालेला माणूस असो, नाही तर प्रेझेंटेशन चालू असताना मागच्या खुर्चीत मान टाकलेला कलीग, दोघांचीही ‘ब्रह्मानंदी टाळी’ लागलेली असते. शाळेत याचा अर्थ ‘तल्लीन होणे’ असा लिहून आपण मार्क मिळवलेत. यातली टाळी हातांनी वाजवायची नाही बरं का! इथे टाळी लागणे म्हणजे ध्यान लागणे, समाधी लागणे. समाधीतून हा शब्द वामकुक्षीपर्यंत कसा घरंगळला, ते श्रीखंडालाच ठाऊक.

संस्कृतातली शास्त्री मंडळी मात्र तो जपून वापरायची. विश्वनाथ नावाच्या पंडितानं 14व्या शतकात ‘साहित्यदर्पण’ लिहिलं. त्यात काव्य-नाटकातून मिळणाऱ्या रसाला त्यानं ब्रह्मास्वादाचा सहोदर म्हटलंय. म्हणजे सख्खा भाऊ, पण तोच नव्हे. पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवात एखादी तान ऐकताना अंगावर काटा येतो ना? तो या भावाकडचा.

मग खुद्द ब्रह्मानंद केवढा? बाबांच्या कपाटातलं तैत्तिरीय उपनिषद काढलं. त्यात एका भागाचं नावच ब्रह्मानंदवल्ली आणि तिथे चक्क आनंदाचा हिशोब मांडलाय. आणि सुरुवात कुणापासून? तर तुमच्या-माझ्यापासून! एक तरुण घ्या, म्हणे. सज्जन, शिकलेला, चपळ, धट्टाकट्टा. शिवाय धनदौलतीनं भरलेली ही सगळी पृथ्वी त्याच्या मालकीची. त्याला जो आनंद होईल, तो माणसाचा एक आनंद. म्हणजे सगळी पृथ्वी नावावर झाली तरी बॉस, आपण नुसते एक नंबरवर!

त्याच्या शंभरपट आनंद मनुष्यगंधर्वांचा. त्याच्या शंभरपट देवगंधर्वांचा. पुढे पितर, देव, इंद्र, बृहस्पती, प्रजापती असं करत दहा वेळा शंभरनं गुणलं की येतो तो ब्रह्माचा आनंद. मी कॅल्क्युलेटर काढला. एकावर वीस शून्यं! असलं इन्क्रिमेंट कुठलीही कंपनी देणार नाही.

पण खरी गंमत पुढेच आहे. पृथ्वीमालक तरुण सोडला, तर वरच्या प्रत्येक पायरीवर उपनिषद एक ओळ जोडतं. एवढाच आनंद अशा वेदवेत्त्या माणसालाही मिळतो, जो ‘अकामहत’ आहे. अ-काम-हत. इच्छेनं ज्याला घायाळ केलेलं नाही, तो. शब्दातला तो ‘हत’ मला नेमका लागला. त्या दुपारी चार टक्क्यांनी मला आडवंच केलं होतं की!

आणि मग एक नको ती गोष्ट आठवली. गेल्या वर्षी या मित्राच्या पत्रात जवळजवळ काहीच नव्हतं. मला मात्र बढती मिळाली होती. तेव्हा माझे पेढे टेबलाटेबलावर कोणी वाटले? यानेच. सगळ्यांना ओरडून सांगत आणि माझी पाठ लाल होईपर्यंत थोपटत. तेव्हा मला वाटलं होतं, काय बावळट आहे! वेद वगैरे त्याच्या गावीही नाहीत. पण त्या दिवशी आमच्या मजल्यावर सगळ्यात खूश माणूस कोण होता, हे आता विचाराल तर मी स्वतःचं नाव घेणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या टेबलावर पेढ्यांचा बॉक्स ठेवला आणि कालचं राहिलेलं ‘अभिनंदन’ म्हणून टाकलं. तो म्हणाला, ‘‘काल बरा होतास ना? ॲसिडिटी झाल्यासारखा दिसत होतास.’’

‘‘तसंच काहीतरी,’’ म्हटलं.

येत्या रविवारी त्याला जेवायला बोलावलंय. आई श्रीखंड करणारेय. एकावर वीस शून्यं काही जमायची नाहीत. पण जेवणानंतर आमच्या सोफ्यावर दोघांची टाळी लागायला हरकत नसावी.