महानगरातली जुनी पिकअप आणि पाच टायर

लखनौची पोस्टिंग आली तेव्हा कॅन्टोन्मेंटमधल्या फॅमिली क्वार्टरची यादी लांब होती. म्हणून आम्ही गोमतीच्या पलीकडे, महानगर मोहल्ल्यात भाड्याने घर घेतलं. गावाकडे फोनवर "महानगरात राहतो" म्हटलं की आई विचारते, "कुठल्या महानगरात? मुंबईला आलास का?" तर महानगर हे इथल्या भागाचंच नाव. गोल मार्केट, कपूरथला चौक, पीएसीची छावणी, जुने बंगले आणि त्यांच्या पोर्चमधल्या जुन्या गाड्या.

आमच्या घरमालकांच्या पोर्चमध्ये अशीच एक गाडी आहे. सत्तरच्या दशकातली महिंद्राची पेट्रोल जीप, लांब चासीची, मागे पत्र्याचा हौदा बसवलेली. आपल्या भाषेत पिकअप. मूळची ही आपल्याकडचीच म्हणा ना. महिंद्राने १९४७ साली मुंबईत विलीज जीप जुळवायला सुरुवात केली, त्याच घराण्यातली ही. वर्षातले दहा महिने ती उभी असते. मे संपला की तिचं काम सुरू होतं, कारण घरमालकांची मलिहाबादला दशहरी आंब्याची बाग आहे. लखनौपासून तास-दीड तासाचं अंतर. जाताना हौद्यात घरची माणसं, येताना आंब्याचे क्रेट.

मी फौजेत ड्रायव्हर आहे हे कळल्यावर बाबूजींनी (घरमालकांना आम्ही बाबूजीच म्हणतो) एका रविवारी हाक मारली. "हवलदार साहब, ज़रा इसके पहिये देख लीजिए." सोबत त्यांचा नातू होता. तो कॉलेजात आहे. दोघांचं भांडण चाललं होतं आणि निवाडा माझ्याकडे आला होता. नातवाला ३१ इंची रुंद टायर आणि अलॉय रिम बसवायचे होते. बाबूजींचं म्हणणं, एक पैसा खर्चायची गरज नाही, टायरची नक्षी अजून बोटभर शिल्लक आहे.

मी दोघांनाही नाही म्हटलं. का म्हटलं ते सविस्तर लिहितो. अशा गाड्या आपल्याकडेही वाड्यांच्या पडवीत आणि उसाच्या फडाकडेला पुष्कळ उभ्या आहेत आणि हेच भांडण घरोघरी चालतं.

आधी नातवाचं घेऊ. या गाडीचं मूळ टायरचं माप ६.००-१६. म्हणजे टायर साधारण सहा इंच रुंद, रिम सोळा इंची. असा टायर जमिनीपासून वरपर्यंत मोजला तर सुमारे ७३० मिलिमीटर भरतो. ३१ इंची टायर भरतो ७८७. फरक दिसायला दोन इंचांचा, पण तो आठ टक्के होतो. मीटरवर ६० दिसेल तेव्हा गाडी ६५ ला पळत असेल. ते एक वेळ चालेल. चालणार नाही ते असं, की तेवढ्याच पटीत ब्रेकला जास्त जोर लावावा लागेल. आणि ब्रेक कुठले? चारही चाकांना जुने ड्रम, तेही बूस्टरशिवाय. पन्नास वर्षांपूर्वी ज्याने हे ब्रेक आखले, त्याने सहा इंची टायर धरून आखले होते.

दुसरं रुंदीचं. साडेदहा इंच रुंद टायर मूळच्या साडेचार इंची रिमवर बसूच शकत नाही, म्हणून रुंद रिम. रुंद रिम आत जागा नाही म्हणून बाहेर काढलेला. चाक बाहेर आलं की हबच्या बेअरिंगवर आणि किंगपिनवर तरफेसारखा भार येतो. पॉवर स्टिअरिंग नाही, म्हणजे गोल मार्केटच्या गर्दीत गाडी वळवताना बाबूजींचे खांदे भरून येणार. वयाच्या पंचाहत्तरीत हा व्यायाम कशाला?

नातू म्हणाला, "पण पाच नटांचे रिम तर बसतात!" बरोबर आहे, आणि फसगत तिथेच होते. या जीपचे पाच नट साडेपाच इंची वर्तुळावर आहेत. बोलेरोचेही तसेच, मारुती जिप्सीचेही तसेच. त्यामुळे भंगारातला जिप्सीचा रिम स्टडवर सहज चढतो. पण जीपचा स्टड अर्ध्या इंचाचा, जिप्सीचा १२ मिलिमीटरचा. नट टेकतो ती खोलगट बैठक जुळली पाहिजे, रिमचं मधलं भोक हबवरून मोकळं गेलं पाहिजे, आतली बाजू ड्रमला आणि स्टिअरिंगच्या रॉडला घासता कामा नये. नट बसले म्हणजे चाक बसलं असं नाही.

कायद्याचंही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सांगितलं, की कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. शिवाय ५० वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला २०२१ च्या नियमांप्रमाणे 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी घेता येते, पण त्यासाठी गाडी मूळ रूपात लागते. बाबूजींना ती नको आहे, कारण तशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. नातवाला मात्र उद्या हवीशी वाटेल. आज अलॉयसाठी काहीतरी कापलं तर उद्या ते दार बंद.

त्याचा शेवटचा हट्ट फौजी नक्षीचा होता, जुन्या मिलिटरी जीपला असायची तशी जाड आडव्या पट्ट्यांची. दिसायला ती झकास, मलाही आवडते. चिखलात पुढे जा की मागे, सारखीच पकडते. पण ओल्या डांबरावर ती घसरते आणि कोरड्या डांबरावर घोंघावते. मलिहाबादचा रस्ता डांबरी आहे आणि आंबा उतरायच्या दिवसांतच पहिला पाऊस येतो.

आता बाबूजींचं. त्यांच्याशी बोलणं जड गेलं, कारण काटकसर करणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला "हे फेकून द्या" म्हणणं सोपं नाही. मी गुडघ्यावर बसलो, टायरच्या बाजूची धूळ फडक्याने पुसली आणि त्यांना चार आकडे दाखवले. लांबट चौकोनात कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. तिथे होतं २२०९. म्हणजे २००९ सालचा बाविसावा आठवडा. नातू तेव्हा शाळेतही जात नव्हता.

टायर दोन प्रकारे संपतो. एक झिजून, ते डोळ्यांना दिसतं. दुसरा वयाने, आणि ते नक्षीत दिसत नाही. रबर ऊन आणि हवा खाऊन कडक होतं, बाजूला केसासारख्या भेगा पडतात, आतल्या दोऱ्यांची आणि रबराची पकड सुटत जाते. उभ्या गाडीचं तर जास्तच, कारण एकाच जागी महिनोन्‌महिने वजन आणि हवा कमी. लखनौचा मे महिना ४५ अंशांपर्यंत जातो आणि पोर्चचं तोंड पश्चिमेला. पाच वर्षं झाल्यावर टायर दर वर्षी जाणकाराला दाखवा आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असो बदला, असं अनेक टायर कंपन्या सांगतात. स्टेपनीसुद्धा.

आता हे मी एवढ्या आग्रहाने का सांगतो, ते लिहायलाच हवं.

फौजेत गाडीची पाहणी दिवसातून तीनदा करायला शिकवतात. निघण्याआधी फर्स्ट परेड, वाटेत हॉल्ट परेड, परत आल्यावर लास्ट परेड. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका पोस्टिंगवर, वाळूच्या मुलखात, एक गाडी बरेच महिने राखीव म्हणून उभी होती. एक दिवस अचानक ती काढायची वेळ आली. फर्स्ट परेड मी केली. तेल, पाणी, हवा पाहिली. टायरची नक्षी नव्यासारखी, म्हणून त्यांच्यापुढे टिकमार्क केला. तारीख वाचली नाही. बाजूच्या भेगांवर वाळूची पूड बसली होती, ती पुसली नाही. तीस किलोमीटरवर मागचा उजवा टायर फुटला, गाडी रस्ता सोडून वाळूत गेली आणि आडवी झाली. मला खरचटलं. शेजारी बसलेल्या जोडीदाराचं गळ्याचं हाड मोडलं. चौकशीत माझ्या नावावर काही आलं नाही, कारण हवेचा दाब बरोबर होता आणि नक्षीही होती. जोडीदारानेही कधी बोलून दाखवलं नाही. पण तो टिकमार्क माझ्या हातचा होता. थंडीत त्याचा खांदा दुखतो, हे तो फोनवर सहज सांगतो आणि मी विषय बदलतो.

हे मी बाबूजींना सांगितलं. मग विचारलं, "येताना क्रेट किती?" म्हणाले, तीस. एकात वीस किलो. म्हणजे सहाशे किलो आंबा, वर दोन माणसं, जूनची दुपार आणि सोळा वर्षांचं रबर. जाताना त्याच हौद्यात सुना, नातवंडं. बाबूजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तो फिर बताइए, क्या लें."

तर काय घ्यावं, याचं माझं उत्तर असं.

माप तेच, ६.००-१६. पण दुकानात नुसतं माप सांगू नका. याच मापाचा टायर ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाला लागतो आणि दुकानदार सरळ तोच काढून देतो. उभ्या जाड धारांचा असतो तो. शेतातल्या वेगासाठी केलेला, ताशी ५० ला रस्त्यावर पळवायचा नाही. "जीपचा, रस्त्याचा" असं सांगून घ्या. हौद्यात ओझं नेणार असाल तर किती प्लायचा आहे ते वाचा आणि भार-क्रमांक असेल तर तोही. १०० म्हणजे एका टायरवर ८०० किलो, ९१ म्हणजे ६१५.

नायलॉन की रेडियल? रेडियल आरामशीर, यात वाद नाही. पण मूळ अरुंद रिमला जुळेल असा रेडियल मिळाला तरच, आणि घेतला तर पाचही रेडियल. पुढे एक जात, मागे दुसरी, असली खिचडी करू नये. एका ॲक्सलवर तर कधीच नाही. ही गाडी पन्नासच्या वर जात नाही, तिला चांगला नायलॉन टायर पुरतो. जुन्या रिमला ट्यूबलेसचा टायर धरून ठेवणारा आतला उंचवटा नसतो, म्हणून ट्यूब हवीच, आणि नव्या टायरला नवीच ट्यूब. आणि टायर घालण्याआधी दुकानातच चार आकडे वाचा. दुकानात पडून राहिलेला टायरही म्हातारा होतो.

रिम बदलायचे नाहीत, तपासायचे. तारेच्या ब्रशने गंज काढा, नटांच्या भोकांभोवती चीर आहे का बघा, हबवर लावून हाताने फिरवा, डगमग दिसते. चांगले असतील तर रंग द्या, झालं.

आणि एक. या जुन्या जीपांना डाव्या बाजूच्या चाकांचे नट अनेकदा उलट्या आट्यांचे असतात, स्टडच्या तोंडावर 'एल' कोरलेला असतो. पोरगा पाईप लावून नेहमीच्या दिशेने जोर काढतो आणि स्टड मोडतो. आधी पुसा, वाचा, मग पाना लावा.

दोन रविवारांनी लालबागच्या मोटार बाजारातून पाच टायर आणले, पाच ट्यूब आणल्या. रिम नातवाने स्वतः घासले आणि करड्या रंगाने रंगवले. डाव्या बाजूचा पहिला नट उलटा सुटला तेव्हा त्याला हसू आलं. चाकं लावून झाल्यावर तो थोडा लांब जाऊन उभा राहिला, फोटो काढला आणि म्हणाला, पतली आहेत, पण गाडी आता खरी दिसते. मला त्यात तडजोडीचा सूर ऐकू आला. ऐकू येऊ दे. त्याच्या वयात मलाही रुंद टायरच हवे होते.

जुने टायर बाबूजींनी फेकले नाहीत. बागेत आंब्याच्या रोपांभोवती आळं करायला नेणार म्हणतात. तिथे ते आणखी सोळा वर्षं खुशाल राहोत.

त्याच रात्री मी गावी फोन केला. वडिलांना म्हटलं, बॅटरी घ्या, आपल्या जीपच्या टायरवरचे चार आकडे वाचून दाखवा. "आता? या वेळी?" म्हणाले. गेले, वाकून वाचले, आणि फोनवर म्हणाले, "शून्य आठ, बारा. चांगलं आहे की, नक्षी अजून नवी आहे."

पुढच्या सुट्टीतला पहिला दिवस कशात जाणार, ते ठरलं.