खेळाडूंची आत्मचरित्रे वाचावीत का?

नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून रायपुरात मराठी कुटुंबे नांदत आली आहेत. चौबे कॉलोनीतील महाराष्ट्र मंडळाच्या परिसरात किंवा जवळच्या समता कॉलोनीत संध्याकाळी फेरफटका मारला, तर हिंदी आणि छत्तीसगढीच्या जोडीने मराठीही कानी पडते. समता कॉलोनीतील अशाच एखाद्या मराठी घरातील प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. नववीनंतर शाळा सुटलेला आणि आता मुक्त विद्यालयातून दहावीची तयारी करणारा एक मुलगा फुटबॉलपटूचे आत्मचरित्र वाचत बसला आहे. पुस्तक इंग्रजी आहे. शेजारी शब्दकोश उघडा आहे. आजोबा चष्मा पुसत विचारतात, “अरे, यात वाचण्यासारखे काय आहे? त्याने किती गोल केले ते वर्तमानपत्रात येतेच.” मुलगा म्हणतो, “आजोबा, यात गोल फारसे नाहीतच. घरचा फ्रिज रिकामा असायचा, ते आहे.”

मुलाच्या हातातील पुस्तक स्वीडनच्या झ्लाटान इब्राहिमोविच याचे. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्रात माल्मो शहरातील स्थलांतरितांच्या वस्तीत गेलेले बालपण आहे, घरातील भूक आहे आणि सायकली चोरण्याचे उद्योगही आहेत. फुटबॉलचे मैदान नंतर येते.

तरीही आजोबांची शंका निराधार नाही. खेळाडूंची बहुतेक आत्मचरित्रे त्यांनी स्वतः लिहिलेली नसतात. खेळाडू सांगतो आणि दुसरा कोणी शब्दांकन करतो. झ्लाटानच्या पुस्तकाचे शब्दांकन डेव्हिड लागरक्रान्त्झ या लेखकाने केले. त्यातील वाक्ये झ्लाटानने उच्चारली तशीच्या तशी घेतलेली नसून आपण ती कादंबरीकाराप्रमाणे रचली, असे पुढे त्यानेच सांगितले. मग ‘मी’ म्हणून बोलणारा हा आवाज कोणाचा? शिवाय प्रसिद्धीच्या भरात घाईने बाजारात आणलेली पुस्तकेही पुष्कळ असतात. त्यांत विजयांची यादी असते, प्रशिक्षकांचे आभार असतात, आणि जे सांगायला हवे होते तेवढेच नेमके गाळलेले असते. अशा पुस्तकांवर वेळ खर्चू नये, हे आजोबांचे म्हणणे मान्य करायला हरकत नाही.

गाळण्याची कला मात्र सर्वांनाच सारखी साधत नाही. इंग्लंडचा फुटबॉलपटू लेन शॅकलटन याने 1955 साली आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले. क्लबच्या सामान्य संचालकाला फुटबॉलचे किती ज्ञान असते, अशा आशयाचे शीर्षक देऊन त्याने एक प्रकरण योजले आणि शीर्षकाखालचे पान कोरे सोडले. ज्यांच्या हाती खेळाडूची नोकरी होती, त्यांच्याविषयी यापेक्षा अधिक काय लिहिता आले असते?

मराठी वाचकाला या प्रश्नासाठी युरोपपर्यंत जाण्याचेही कारण नाही. सुनील गावसकर यांचे ‘सनी डेज’ 1976 साली आले, तेव्हा ते अवघे सत्तावीस वर्षांचे होते. सत्ताविसाव्या वर्षी कसले आत्मचरित्र, असे कोणीही म्हणेल. पण पुस्तकाच्या आरंभी येणारी जन्मवेळची हकिकत एकदा वाचली की विसरता येत नाही. रुग्णालयात बाळांची अदलाबदल झाली होती. कानाजवळचे बारीकसे छिद्र लक्षात ठेवणाऱ्या एका नातेवाइकांना ही चूक उमगली आणि शोधाशोध केल्यावर बाळ एका कोळिणीजवळ सापडले. त्याच वर्षी जमैकात झालेल्या कसोटीतील प्रेक्षकांवर गावसकरांनी कडक शब्दांत टीका केली आहे. तिच्याशी वाचकाने सहमत व्हावेच असे नाही. जखम ओली असताना लिहिलेले शब्द कसे असतात, ते तेथे दिसते. आणखी वीस वर्षांनी तोच प्रसंग त्यांनी कदाचित निवळलेल्या मनाने लिहिला असता.

ध्यानचंद यांचे ‘गोल’ हे आत्मचरित्र 1952 सालचे. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात भारताने जर्मनीला 8-1 असे हरवले, हे सर्वांना ठाऊक असते. त्याआधीच्या सरावसामन्यात त्याच जर्मनीकडून भारतीय संघ 4-1 असा हरला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ध्यानचंदांना तो पराभव विसरता आला नाही आणि त्यांनी तो लपवलाही नाही.

मात्र या वादात सर्वांत वजनदार साक्ष एका मराठी पुस्तकाची आहे. पळवणकर विठ्ठल यांचे ‘माझे क्रीडा-जीवन’ 1948 साली प्रसिद्ध झाले. विठ्ठल, शिवराम, गणपत आणि थोरले बाळू हे चौघे भाऊ चर्मकार समाजातील आणि चौघेही नामांकित क्रिकेटपटू. बाळूंनी आयुष्याचा आरंभ पुण्यात मैदानाची निगा राखणारे कामगार म्हणून केला. पुढे पूना जिमखान्यात ते इंग्रज फलंदाजांना सरावासाठी तासन्‌तास गोलंदाजी करीत. फलंदाजी मात्र त्यांच्या वाट्याला आली नाही. बॅट हा जणू साहेबांचाच हक्क होता. पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना खेळायला घेतले ते त्यांच्या डावखुऱ्या फिरकीसाठी. मैदानात त्यांनी टाकलेला चेंडू सवर्ण खेळाडू हातात घेत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात वेगळा चहा दिला जाई. 1906 साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना 109 धावांनी हरवले, त्या संघात बाळू आणि शिवराम हे दोघेही होते. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी शंभरहून अधिक बळी घेतले.

बळी धावफलकावर मोजले गेले. मातीचे भांडे धावफलकावर येत नाही. इतक्या मोठ्या कर्तृत्वानंतरही बाळूंना हिंदू संघाचे कर्णधारपद दिले गेले नाही. 1920 साली त्यांना संघातूनच वगळण्यात आले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम जाहीर निवेदन काढून संघाबाहेर राहिले. चांगल्या खेळाडूने घरी बसणे सोपे नसते, आणि ज्यांचे समाजातील स्थान आधीच हिरावून घेतलेले होते त्यांना तर मैदान सोडणे अधिकच कठीण गेले असणार. 1923 साली विठ्ठल कर्णधार झाले आणि त्या वर्षीची चौरंगी स्पर्धा हिंदू संघाने जिंकली. थोरल्या भावाला नाकारलेली जागा धाकट्याला मिळाली, आणि पुढे पंचवीस वर्षांनी त्याने आपल्या मैदानावरील आयुष्याची कहाणी मराठीत लिहून ठेवली.

रामचंद्र गुहा यांनी भारतीय क्रिकेटचा सामाजिक इतिहास 2002 साली इंग्रजीत प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांनी या मराठी आत्मचरित्राचा आधार घेतला. वाङ्मयाच्या इतिहासात ज्या प्रकारच्या लेखनाला क्वचितच जागा मिळते, त्याच्याकडे समाजाच्या इतिहासकाराला वळावे लागले, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकांना थोडी ओशाळवाणी वाटायला हवी. विठ्ठल यांची लेखणी साहित्यिकाची होती की नव्हती, हा प्रश्न येथे गौण ठरतो. जे सोसले, जे पाहिले, ते सांगायला त्या घरातील माणूस हयात होता आणि त्याने ते कागदावर उतरवले.

म्हणून झ्लाटानचे पुस्तक आणि विठ्ठल यांचे पुस्तक एकाच तराजूत घालता येणार नाही, आणि दोन्हींकडे पाठ फिरवणेही बरोबर नाही. एकात दुसऱ्याने रचलेली वाक्ये आहेत, तरी रिकामा फ्रिज खोटा ठरत नाही. वाचताना कोण बोलतो आहे, कोणासाठी बोलतो आहे आणि कुठे गप्प बसतो आहे, एवढे भान मात्र राखावे लागते.

समता कॉलोनीतील त्या घरात आजोबांनी अखेर पुस्तक हाती घेतलेच. चष्मा नीट बसवून त्यांनी आतले पहिले पान उलगडले आणि एका ओळीवर बोट ठेवून विचारले, “हे दुसरे नाव कोणाचे रे?” मुलाने ते तोवर पाहिलेच नव्हते.