भाच्याच्या जीपचा रेडिएटर

मंडळी, जन्मभर मुलांना मराठी आणि इतिहास शिकवलेल्या बाईने रेडिएटरवर लिहावं, हे जरा विचित्रच. पण गेला महिनाभर आमच्या घरात दुसरा विषय नाही. भाच्याने एक जुनी जीप घेतलीय आणि आरटीओची रीतसर परवानगी काढून तिच्यात जास्त ताकदीचं डिझेल इंजिन बसवतोय. इंधन जाळून जी उष्णता होते, तिचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा पाण्यात उतरतो. इंजिन मोठं, तर तो हिस्साही मोठा. म्हणजे जुना रेडिएटर पुरणार नाही. नवा कसा घ्यायचा, यावरून वाद.

भाच्याला अ‍ॅल्युमिनियमचा हवाय, जाडजूड, रेसच्या गाडीला असतो तसा चकचकीत. इथले रेडिएटरवाले मिस्त्री म्हणतात, "बाई, तांब्या-पितळेचा बांधून देतो, जाळी रुंद करू." मी मिस्त्रींच्या बाजूची आहे. (भाच्या, तू हे वाचणार आहेस, माहीत आहे मला!)

आधी जाडीचं बघू. रेडिएटर जाड केला की जास्त गार करतो, असं सगळ्यांना वाटतं. पण मागच्या रांगेतल्या नळ्यांना मिळते ती पुढच्या रांगांनी तापवलेली हवा. शिवाय जाड जाळीतून हवा ओढायला पंख्याला जोर जास्त लागतो. त्यामुळे जागा असेल तर उंची-रुंदी वाढवावी, जाडी शेवटी. इतिहासाची बाई असल्याने एक दाखला दिल्याशिवाय राहवत नाही. १९०० साली विल्हेल्म मायबाख यांनी पहिल्या मर्सिडीजसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. त्यात ६ मिलिमीटरच्या चौकोनी अशा ८,०७० बारीक नळ्या होत्या. पाणी पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी लागलं, जेमतेम ९ लिटर. त्यांनी पाणी वाढवलं नाही, हवेला भिडणारा पृष्ठभाग वाढवला.

आता धातू. तांबं उष्णता अ‍ॅल्युमिनियमच्या दीडपटीहून जास्त चांगली वाहून नेतं, हे खरं. पण त्यावरून तांब्याचा रेडिएटर दीडपट चांगला असं होत नाही, हे भाच्याचं म्हणणं मला मान्य आहे. नळ्यांचा आणि पंखांचा पत्रा इतका पातळ असतो की अडचण धातूत नसतेच, ती धातूकडून हवेत जाताना असते. अ‍ॅल्युमिनियम हलकं, त्याच्या नळ्या रुंद करता येतात, म्हणून दोन रांगांत चार रांगांचं काम निघू शकतं. कंपन्यांनी सगळ्या नव्या गाड्यांत तेच घातलंय, ते काही उगीच नाही.

मग मी तांब्याच्या बाजूची का? कारण ही जीप शर्यतीत पळणार नाहीये. ती कसारा घाट चढणार, भंडारदऱ्याला जाणार, पेठच्या रस्त्यांवर दगड उडवणार. जाळीला खडा लागला की तांब्या-पितळेच्या रेडिएटरला तालुक्याच्या गावातला मिस्त्री डाक देतो, नळीत गाळ साचला तर वरची टाकी उघडून सळई घालून साफ करतो, आणि दुपारी गाडी परत रस्त्यावर. अ‍ॅल्युमिनियमची पातळ नळी फुटली तर ती जोडणारा माणूस मिळायला शहर गाठावं लागतं, आणि प्लास्टिकच्या टाक्या असतील तर बहुतेक वेळा "नवीनच टाका" हेच उत्तर. त्यात आडरानात कूलंट संपला आणि कुणाच्या बोअरचं खारं पाणी ओतावं लागलं, तर ते अ‍ॅल्युमिनियमला जास्त बाधतं. माझं म्हणणं एवढंच आहे की, वस्तू निवडताना ती बिघडल्यावर कोणाच्या हातात जाणार, हेही मापात धरा. ही कला जाणणारी माणसं कमी होत चालली आहेत. आमच्या मिस्त्रींचा मुलगा मोबाइल दुरुस्त करतो.

एका गोष्टीवर मात्र मी मिस्त्रींशीही भांडले. ते म्हणाले, श्राउडची गरज नाही. का नाही? घाटात गाडी दुसऱ्या गियरमध्ये ओरडत असते आणि वेग बैलगाडीहून थोडा बरा. समोरून वारा येत नाही, सगळी भिस्त पंख्यावर. भोवती आवरण नसलं तर पंखा आपल्यापुढच्या गोल तुकड्यातूनच हवा ओढतो, बाकीची कडेकडेने येते आणि जाळीचे कोपरे उपाशी राहतात. मग रेडिएटर मोठा करून काय मिळवलं? शेवटी पत्र्याचं आवरण करायचं ठरलं. आणखी एक, काटा वर चढतो म्हणून जास्त दाबाचं झाकण लावण्याचा मोह होतो. १ बारच्या झाकणाने पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं हे खरं, पण डाक दिलेल्या जुन्या सांध्यांना तो दाब झेपेल का, ते आधी विचारावं.

असो. आता भाचा म्हणतोय, "मावशी, निदान एसी तरी लावू दे." लाव बाबा. पण एसीची जाळी रेडिएटरच्या पुढे बसते, म्हणजे रेडिएटरला हवा तापूनच मिळणार. गुरुवारी मिस्त्री मापं घ्यायला येताहेत, त्यांना हे आधी सांगून ठेव.