लढतीचा निकाल आधी सांगता येतो काय?

अमेरिकेत शनिवारी रात्री मिश्र युद्धकलेच्या मोठ्या लढती रंगतात, तेव्हा आपल्या मॉरिशसमध्ये रविवारची पहाट झालेली असते. घरातील वडीलधारी मंडळी देवपूजेच्या तयारीला लागतात आणि मुले मोबाईलवर लढती पाहत बसतात. त्याआधी आठवडाभर त्यांची चर्चा चाललेली असते: कोण जिंकणार, कितव्या फेरीत जिंकणार, नॉकआउटने की गुणांवर? चर्चेला आमची हरकत नाही. परंतु अलीकडे या अंदाजांमागे पैसेही लागू लागले आहेत. तेव्हा पुढच्या कार्डाविषयी कोणी छातीठोकपणे बोलू लागला, तर ते बोलणे कोणत्या कसोटीवर घासून पाहावे, याचा विचार आज आपण करू.

हा खेळ या स्वरूपात फार जुना नाही. डेन्व्हर शहरी १२ नोव्हेंबर १९९३ रोजी अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप, म्हणजेच यूएफसी, हिची पहिली स्पर्धा झाली. मुष्टियोद्धा, सुमो मल्ल, लाथाबुक्क्यांचे खेळाडू अशा आठ जणांना वजनाचे बंधन न ठेवता एकमेकांसमोर उभे केले गेले. जिंकला तो ब्राझीलचा शेलाटा रॉइस ग्रेसी. एकाच रात्री त्याने तिघांना शरण आणले. शरीर पाहून निकाल सांगू नये, हा धडा या खेळाने पहिल्याच दिवशी दिला. पुढे वजनगट आले, हातमोजे आले, नियम आले. आज साधी लढत पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्यांची आणि विजेतेपदाची लढत पाच फेऱ्यांची असते. लढत शेवटपर्यंत गेली, तर तीन परीक्षक गुण देऊन निकाल ठरवतात.

येथे अंदाज बांधणे कठीण का? बॉक्सिंगमध्ये फक्त ठोसे असतात. येथे ठोसा आहे, लाथ आहे, कुस्तीचा डाव आहे, गळ्याभोवतीचा विळखा आहे, सांधा मुरगळणे आहे. हे चार दारांचे घर आहे. तीन दारांना कुलूप लावले आणि चौथे उघडे राहिले, तरी चोर आत शिरतोच.

रोंडा राउझीचे उदाहरण घ्या. बारा लढतींत ती एकदाही हरली नव्हती. २०१५ सालच्या दोन लढती तर तिने १४ आणि ३४ सेकंदांत संपवल्या होत्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात मेलबर्न येथे ५६ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर ती हॉली होमविरुद्ध उतरली, तेव्हा बहुतेक जाणकारांनी तिलाच कौल दिला होता. होम ही बॉक्सिंगमधील माजी विश्वविजेती. तिने राउझीला अंगाशी येऊच दिले नाही, दुरून ठोसे मारले आणि दुसऱ्या फेरीच्या ५९व्या सेकंदाला तिची लाथ राउझीच्या मानेवर-जबड्यावर बसली. लोकांनी राउझीचे विजय मोजले होते. पण १४ सेकंदांच्या विजयातून तिचे बचावतंत्र कसे आहे, हे कोणाला कळणार? झटपट विजयांमुळे तिची उणी बाजू झाकलेली राहिली होती.

दुसरे उदाहरण २० ऑगस्ट २०२२चे, सॉल्ट लेक सिटीतले. कमारू उस्मानने लिऑन एडवर्ड्सला २०१५ साली एकदा हरवले होते. या वेळीही चार फेऱ्या संपल्या, तेव्हा तिन्ही परीक्षकांच्या कागदावर तो ३९-३७ असा पुढे होता. पाचवी फेरी संपायला ५६ सेकंद उरले असताना एडवर्ड्सची डावी लाथ उस्मानच्या डोक्यावर बसली आणि विजेतेपद हातचे गेले. उस्मान जिंकेल असे म्हणणारा मूर्ख नव्हता. त्याचे म्हणणे चोवीस मिनिटे खरे ठरत होते. विचार बरोबर असूनही निकाल उलटा लागू शकतो, हे ज्याने मान्य केले नाही, त्याने या खेळावर भाष्य करू नये.

आपल्या भारतीय कुस्तीलाही हे नवे नाही. गामा पहिलवान आणि पोलंडचा झ्बिस्को यांची १९१० साली लंडनमध्ये झालेली कुस्ती अडीच तासांहून अधिक चालून बरोबरीत सुटली. तेच दोघे १९२८ साली पतियाळात भिडले, तेव्हा गामाने एका मिनिटाच्या आत निकाल लावला. माणसे तीच होती. वय, जागा आणि पवित्रा बदलला होता.

भारताकडून या खेळात उतरलेल्यांकडे पाहू, कारण आपल्या मुलांचा कौल पुष्कळदा मनाच्या ओढीने तिकडे जातो. महाराष्ट्राचा कुस्तीगीर भरत खंडारे नोव्हेंबर २०१७ मध्ये शांघाय येथे यूएफसीत उतरला. भारतातून तेथवर पोहोचलेला तो पहिला. समोर सोंग यादोंग नावाचा १९ वर्षांचा चिनी पोर होता. त्याने पहिल्याच फेरीत मानेला विळखा घालून खंडारेला शरण आणले. तोच पोर पुढे आपल्या वजनगटातील अग्रगण्य लढवय्यांत गणला गेला.

उत्तराखंडचा अंशुल जुबली २०२३ साली एकही लढत न हरता अबू धाबीला गेला. त्याचा प्रतिस्पर्धी माइक ब्रीडेन यूएफसीतील आपल्या तिन्ही लढती हरलेला होता. कागदावर पाहिले तर प्रश्नच नव्हता. पण तिसऱ्या फेरीत जुबली नॉकआउट झाला. ब्रीडेनचे पराभव वरच्या दर्जाच्या खेळाडूंकडून झालेले होते आणि जुबलीचे विजय त्याखालच्या पायरीवरचे होते. हरला किती वेळा, यापेक्षा हरला कोणाकडून, हे पाहणे अधिक मोलाचे असते.

पूजा तोमरचा विजय मात्र आनंदाचा. ८ जून २०२४ रोजी लुईव्हिल येथे तिने यूएफसीतील भारतीय महिलेचा पहिला विजय मिळवला. तिची गुणपत्रिका पाहण्यासारखी आहे. दोन परीक्षकांनी ३०-२७ असे गुण देऊन तिन्ही फेऱ्या पूजाला दिल्या आणि तिसऱ्याने तिन्ही फेऱ्या तिच्या प्रतिस्पर्धी खेळाडूला. डोळ्यांदेखत झालेल्या लढतीवर तीन जाणत्यांचे जर एकमत होत नाही, तर न झालेल्या लढतीवर आपण किती ठामपणे बोलावे?

याचा अर्थ अंदाज बांधूच नये, असा नाही. तो बांधताना काही प्रश्न अवश्य विचारावेत. आधीचे विजय कोणाविरुद्ध मिळाले? जमिनीवर पाडले तर उठता येते काय? पाच फेऱ्यांचा दम आहे काय? वजन उतरवताना शरीर खंगले नाही ना? मागच्या नॉकआउटला किती दिवस झाले? बदली म्हणून ऐनवेळी बोलावलेला तर नाही? यांची उत्तरे देऊन कोणी म्हणेल, ‘दहापैकी सात वेळा हा जिंकेल’, तर तो विचारी माणूस. ‘हा जिंकणारच’ म्हणणारा एकतर भोळा आहे, नाहीतर त्याला काहीतरी विकायचे आहे.

आता आम्ही शिक्षक मंडळी ज्याला साधे गणित म्हणतो, ते करू. समजा, पाच लढती आहेत आणि प्रत्येकीत एका खेळाडूची जिंकण्याची शक्यता शंभरात सत्तर आहे. पाचही अंदाज बरोबर येण्याची शक्यता किती? सत्तर नव्हे, शंभरात फक्त सतरा. दहा लढती घेतल्या, तर शंभरात तीनसुद्धा नाही. म्हणजे संपूर्ण कार्डाचा अचूक अंदाज सांगणारा सहा वेळा चुकून एकदा बरोबर आला, तर ती विद्या नव्हे, ते गणित झाले. आणि लोक त्या एकदाचीच गोष्ट सांगतात.

पैशाचेही तसेच. अशा खेळाडूवर १.४० असा भाव असेल, तर एका पैजेत शंभर रुपयांमागे सरासरी दोन रुपये बुकमेकरच्या खिशात जातात. पण पाच लढतींची साखळी करून पैज लावली, तर तेच दोन रुपये वाढत जाऊन जवळजवळ दहा होतात. ‘शंभराचे पाचशे सदतीस मिळतील’ हे चिठ्ठीवर ठळक छापलेले असते. हे दहा रुपये कोठेच छापलेले नसतात. आमच्या तरुणांना नेमकी हीच साखळी आवडते, कारण थोड्या पैशांत मोठे स्वप्न मिळते.

त्यात आणखी एक धोका आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये लास व्हेगास येथील एका लढतीपूर्वी भाव एकाएकी फिरले. एका लढवय्याने आपली गुडघ्याची दुखापत लपवली होती आणि तो पहिल्याच फेरीत ६७ सेकंदांत हरला. चौकशी झाली, शिक्षाही झाल्या. बाहेरच्याने कितीही अभ्यास केला, तरी आतली गोष्ट आतल्यांनाच ठाऊक असते.

आपले बेट पैजेला अनोळखी नाही. पोर्ट लुईच्या शां द मार्सवर १८१२ पासून घोडे धावत आले आहेत, आणि ‘पक्की टिप’ देणारेही बहुधा तेव्हापासूनचेच असावेत. आपल्या वाडवडिलांनी उसाच्या मळ्यात घाम गाळून जमवलेले पैसे मुलांच्या शिक्षणात घातले. म्हणून आज आपण येथवर आलो. पूर्वी पैज लावायला मैदानापर्यंत जावे लागे, चार ओळखीचे लोक पाहत. आता अंथरुणात पडल्या पडल्या महिन्याचा पगार जाऊ शकतो आणि शेजारच्या खोलीतील आईला पत्ताही लागत नाही.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. मुलांना लढती पाहू द्या, त्यांच्याजवळ बसून आपणही पाहा. पुढचे कार्ड येईल तेव्हा प्रत्येकाला आपला अंदाज कारणांसह कागदावर लिहायला सांगा, आणि लढती संपल्यावर ताळा करा. असे सहा महिने केले, तर आपण किती वेळा चुकतो हे मुलाला स्वतःच्या अक्षरात दिसेल. त्या वहीला खर्च काही नाही. आणि कोणी पक्की टिप विकायला आला, तर त्याला एकच प्रश्न विचारावा: निकाल खरोखर ठाऊक असेल, तर तू तो विकत कशाला बसला आहेस?