ज्येष्ठमध चघळा, पण रोजचा काढा नको



थंडी पडली की आपल्या घरांत ज्येष्ठमधाची आठवण होते. कोकणात आपल्या आज्या खोकल्यासाठी त्याची एक कांडी तोंडात धरायला देत. घसा मोकळा झाला की औषध थांबे. इथे इस्राएलमध्ये तेच मूळ ‘शोरेश शूश’ म्हणून शूकमध्ये मिळते. आता मात्र काहीजण ते उकळून महिनोन्‌महिने सकाळ-संध्याकाळ पितात. माझे स्पष्ट मत आहे की ब्लडप्रेशरची गोळी घेणाऱ्यांनी हा काढा बंद करावा.

मूळ तेच असले, तरी त्यातले द्रव्य आपण कसे काढतो यावर औषधाचा जोर ठरतो. हळदीतले करक्युमिन पाण्यात जवळजवळ उतरत नाही, ते तेलात उतरते. ज्येष्ठमधाचे उलट आहे. त्याला गोडी देणारे ग्लिसिरायझिन गरम पाण्यात सहज उतरते. कांडी चघळताना ते थोडेच पोटात जाते, उकळल्यावर पुष्कळ जाते. कॅप्सूलमध्ये तर बहुधा आटवून दाट केलेला अर्कच असतो.

हे द्रव्य पोटात वाढले की शरीरात मीठ व पाणी साठते आणि पोटॅशियम लघवीवाटे निघून जाते. मग प्रेशर चढते, पाय सुजतात, अंगातली ताकद जाते, हृदयाचे ठोकेही बिघडू शकतात. लघवीची गोळी किंवा डिगॉक्सिन घेणाऱ्यांना धोका जास्त.

युरोपीय संघाच्या तज्ज्ञ समितीने 2003 साली दिवसाला 100 मिलिग्रॅम ही मर्यादा सांगितली, तीही निरोगी माणसासाठी. मुळात 4 टक्के ग्लिसिरायझिन धरले, तर 3 ग्रॅम भुकटीतच 120 मिलिग्रॅम झाले!

“झाडपाला आहे, तो काय अपाय करणार?” असे आपले लोक म्हणतात. अहो, ज्याच्यात गुण करण्याची ताकद आहे, त्याच्यात अपाय करण्याचीही असते. आजीचे औषध घेतो, तसे तिचे प्रमाणही पाळावे.

रोज काढा पीत असाल, तर कुपत होलीमच्या डॉक्टरांना न लाजता सांगा. प्रेशर मोजा, रक्तातले पोटॅशियम तपासून घ्या. प्रेशरची गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका.