गोळीनंतरचा खुलासा

मागच्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या एक मावशी सकाळीच दारात येऊन उभ्या राहिल्या. रात्री घरात चोरी झाली होती. पत्र्याची पेटी फोडून कानातले आणि भिशीचे पैसे गेले होते. चोर कोण असावा याचा त्यांना अंदाजही होता. आम्ही म्हटले, मावशी, मग पोलीस ठाण्यात जाऊन फिर्याद द्या, आमच्याकडे कशाला आलात? त्या म्हणाल्या, "एकटी जायची हिंमत होत नाही दादा. उलट माझ्याच पोराला धरून बसवतील."

घर मावशींचे फुटले, पैसे मावशींचे गेले आणि पोलिसांची भीतीही मावशींनाच! आरोपीला वकील लागतो हे आम्ही पोटापाण्यासाठी रोज पाहतो. पण फिर्यादीलाही ठाण्याची पायरी चढायला वकील लागावा, ही कोणत्या कायद्याच्या राज्याची रीत झाली?

पोलीस आणि जनता यांच्यात विश्वासाचे नाते असावे, हे वाक्य वर्षातून दोनदा तरी कानावर पडते. एकदा जानेवारीत पोलीस स्थापना दिनाच्या सप्ताहात आणि एकदा १४ एप्रिलच्या आधी शांतता समितीच्या बैठकीत. बैठकीत चहा येतो, बिस्किटे येतात, मिरवणुकीचा मार्ग ठरतो, डीजे किती वाजता बंद करायचा ते सांगितले जाते आणि "सहकार्य करा" म्हणून साहेब निघून जातात. सहकार्य आम्ही करतोच. परंतु विश्वास हा बैठकीत वाटायचा जिन्नस नाही. तो आमच्या वस्त्यांमध्ये का उरला नाही, हे समजून घ्यायचे तर दोन घटनांकडे पाहावे लागते. या दोन घटनांमध्ये सत्तावीस वर्षांचे अंतर आहे.

पहिली घटना ११ जुलै १९९७ ची. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात सकाळी लोक उठले तेव्हा बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला होता. लोक संतापून रस्त्यावर आले, शेजारचा पूर्व द्रुतगती महामार्ग अडला. राज्य राखीव पोलीस दलाची तुकडी आली आणि उपनिरीक्षक मनोहर कदम याच्या हुकमाने गोळीबार झाला. दहा जण शहीद झाले, वीसहून अधिक जखमी झाले. चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आपल्या घरात गळफास लावून घेतला. आम्ही तेव्हा बारावीला होतो. वकील व्हायचे हे आमच्या मनाने त्या आठवड्यात घेतले, असे म्हटले तरी चालेल.

त्या गोळीबारानंतर पोलिसांचा खुलासा आला, तो आमच्या पिढीला आजही तोंडपाठ आहे. महामार्गावर गॅसचे टँकर उभे होते, जमाव ते पेटवणार होता, टँकर फुटले असते तर मोठा अनर्थ झाला असता, म्हणून गोळ्या झाडाव्या लागल्या! ज्यांची माणसे मेली त्यांनाच आग लावणारे ठरवून सरकार मोकळे झाले. पुढे न्यायमूर्ती गुंडेवार आयोग बसला. आयोगापुढे टँकरची कथा टिकली नाही. गोळीबार समर्थनीय नव्हता असा निष्कर्ष निघाला आणि त्याची जबाबदारी कदम याच्यावर ठेवली गेली. तरीही सत्र न्यायालयाचा निकाल यायला २००९ साल उजाडले. सदोष मनुष्यवधाबद्दल जन्मठेप झाली आणि त्याच वर्षी उच्च न्यायालयाने शिक्षा स्थगित करून जामीनही दिला. शिक्षा व्हायला बारा वर्षे आणि जामिनाला त्याच वर्षाचा मुहूर्त! जामीन हा आरोपीचा हक्क आहे, वकील म्हणून आम्ही त्याविरुद्ध बोलणार नाही. पण वस्तीतल्या म्हातारीने ही दोन अंतरे बोटांवर मोजली आणि तिला काय समजायचे ते ती समजली.

आमचे म्हणणे असे आहे की, पोलिसांवरचा विश्वास लाठी-गोळीने जेवढा तुटतो, त्याहून अधिक तो लाठी-गोळीनंतर येणाऱ्या पहिल्या खुलाशाने तुटतो. चूक माणसाच्या हातून होते, वर्दीतल्या माणसाच्याही होते. गर्दीसमोर बंदूक धरून उभा राहिलेला उपनिरीक्षक घाबरू शकतो, हे आम्ही मानतो. पण संध्याकाळी थंड डोक्याने टेबलावर बसून जो खुलासा लिहिला जातो, तो घाबरून लिहिलेला नसतो. तिथे व्यवस्था बोलत असते.

कायदा याबाबत अगदी सरळ आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेची १२९ ते १३२ ही कलमे आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४८ ते १५१ झाली आहेत. नंबर बदलले, गाभा तोच आहे. बेकायदेशीर जमावाला आधी पांगण्याचा हुकूम द्यायचा. हा हुकूम कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतो, ठाण्याचा प्रमुख देऊ शकतो आणि तो नसेल तर उपनिरीक्षकापेक्षा कमी दर्जाचा नसलेला अधिकारी देऊ शकतो. म्हणजे माणसे मरतील की जगतील याचा निर्णय कायद्याने उपनिरीक्षकाच्या हातापर्यंत आणून ठेवला आहे, हे ध्यानात घ्या. जमाव पांगला नाही तरच बळ. लष्कर बोलवावे लागले तर त्यानेसुद्धा कमीत कमी बळ वापरावे आणि माणसाला व मालमत्तेला कमीत कमी इजा करावी, असे कायद्यात लिहून ठेवले आहे. जे बंधन लष्करावर आहे ते हवालदाराच्या काठीवर नसेल काय?

आणि हे सगळे बळ कशासाठी, तर पांगवण्यासाठी. शिक्षा देण्यासाठी नाही. जमाव पांगला की या कलमांचे काम संपले. त्यानंतर कोणाला धरायचे असेल तर अटकेचा कायदा लागतो आणि तिथेही, पळून जाऊ नये एवढ्यापुरताच अटकाव, त्याहून जास्त नाही. दगड फेकणारे पळून गेल्यावर दुसऱ्या गल्लीत शिरून दारे ठोठावायची, हाती लागेल त्याला बदडायचे आणि त्याला 'कोम्बिंग' असे भारदस्त नाव द्यायचे, ही पद्धत कोणत्याही संहितेत नाही.

हे परभणीत घडले. दुसरी घटना तीच. १० डिसेंबर २०२४ रोजी रेल्वे स्टेशनजवळच्या बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. ११ तारखेच्या बंदमध्ये दगडफेक झाली, जाळपोळ झाली. ती झाली हे आम्ही लपवत नाही आणि तिचे समर्थनही करत नाही. ज्याने दुकान फोडले त्याच्यावर खटला चालवा. परंतु त्यानंतर पोलीस वस्त्यांमध्ये शिरले. घरांत घुसून, बायकांनाही मारल्याच्या तक्रारी झाल्या. पन्नासहून अधिक लोकांना अटक झाली. त्यात सोमनाथ सूर्यवंशी हा वडार समाजातला पस्तीस वर्षांचा तरुण होता. तो कायद्याचे शिक्षण घेत होता. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना त्याचा मृत्यू झाला. अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे मृत्यूचे कारण असल्याचा शवविच्छेदनाचा प्राथमिक अभिप्राय आला.

हा अभिप्राय आल्यानंतर नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात मुख्यमंत्री, जे गृहमंत्रीही आहेत, काय म्हणाले? सीसीटीव्हीत मारहाण दिसत नाही, सोमनाथला श्वसनाचा आजार होता आणि दंडाधिकाऱ्यांनी विचारले तेव्हा त्याने मारहाण झाली नाही असे सांगितले होते. १९९७ साली टँकर होता, २०२४ साली आजार आला. खुलासा देणारे बदलतात, पक्ष बदलतात, खुलाशाची घडण मात्र तीच राहते.

यातल्या शेवटच्या मुद्द्यावर आम्हाला थोडे थांबायचे आहे, कारण तो ऐकायला फार बिनतोड वाटतो. दंडाधिकाऱ्यांसमोर त्याने स्वतःच "नाही" म्हटले, मग तुम्ही कोण बोलणार? बांधवहो, आम्ही वीस वर्षे ही न्यायालये पाहत आहोत. आरोपीला व्हॅनमधून उतरवून आणतात. ज्यांनी आणले ते पाठीशी हातभर अंतरावर उभे असतात. समोर फाइलींचा ढीग असतो. "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" हा प्रश्न येतो आणि उत्तर लिहायला लेखनिकाची बोटे आधीच तयार असतात. कोठडी वाढली तर याच माणसांबरोबर याच व्हॅनमधून परत जायचे आहे, हे आरोपीला पक्के ठाऊक असते. अशा वेळी त्याने "नाही" म्हटले तर त्याचा अर्थ मारले नाही असाच होतो काय? त्याचा अर्थ, अजून मार खायची ताकद नाही, असाही होतो.

हा प्रश्न विचारण्याची जागा संविधानात कोणी आणून ठेवली, हे आमच्या वाचकांना सांगायला हवे. घटना समितीत कायद्याच्या योग्य प्रक्रियेची हमी देणारे शब्द मूळ मसुद्यातून गेले, याने बाबासाहेब समाधानी नव्हते. म्हणून सप्टेंबर १९४९ मध्ये त्यांनी नवीन तरतूद आणली, जी आज अनुच्छेद २२ मध्ये आहे. अटकेचे कारण सांगा, वकिलाला भेटू द्या, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करा. संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर अटक झालेला माणूस त्याच संविधानाने निर्माण केलेल्या दारात उभा होता आणि ते दार त्याला वाचवू शकले नाही. त्याहून वाईट म्हणजे, त्या दारातले त्याचे उत्तर पुढे शासनाने स्वतःच्या बचावासाठी वापरले.

सोमनाथच्या आईने हार मानली नाही. सरकारने देऊ केलेली मदत नाकारून त्या न्याय मागत राहिल्या. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात त्यांच्या वतीने ॲड. प्रकाश आंबेडकर उभे राहिले. जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. निकाल द्या म्हणून नव्हे, शिक्षा करा म्हणून नव्हे, नुसता गुन्हा नोंदवा म्हणून! त्याविरुद्धही राज्य शासन सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तिथून त्याच महिन्याच्या अखेरीस रिकाम्या हाताने परतले. एका साध्या एफआयआरसाठी एका आईला साडेसात महिने आणि देशातले सर्वोच्च न्यायालय लागले. आता आमच्या मावशींच्या भीतीला वेडगळ कोण म्हणेल?

पोलीस दल म्हणजे कोणी परके लोक नव्हेत, हेही आम्ही जाणतो. आमच्याच वस्तीतली पोरे-पोरी भरतीसाठी पहाटे मैदानावर धावतात, गोळा फेकतात, एका गुणाने राहिली तर रडतात. वर्दी मिळाली की बारा-बारा तासांचा बंदोबस्त, सणाला सुट्टी नाही, गळक्या क्वार्टरमध्ये संसार. त्यांच्या हालांबद्दलही याच स्तंभात लिहायला हवे. पण म्हणूनच तर आमचा जाब शिपायाला नाही. काठी उचलायला लावणारा हुकूम आणि नंतरचा खुलासा, दोन्ही त्याच्या वरून येतात.

प्रकाश सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली राज्य आणि जिल्हा पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरणे नेमायला सांगितली. आपल्या राज्याने २०१४ साली पोलीस कायद्यात दुरुस्ती करून राज्य आणि विभागीय पातळीवर ती आणली. कागदावर आहे. आपल्या वस्तीत कितीजणांना त्याचे नाव ठाऊक आहे, आज संध्याकाळी विहारात विचारून पाहा. ज्या संस्थेचे नावच पीडिताला ठाऊक नाही ती संस्था विश्वास कसा निर्माण करणार? शासनाला खरोखर नाते सुधारायचे असेल तर ठाण्याच्या दर्शनी भागात साहेबांच्या सत्काराच्या फोटोशेजारी या प्राधिकरणाचा पत्ता मोठ्या अक्षरात लावावा. आणि पोलिसांच्या हातून माणूस मेला तर पहिले बोलणे त्याच पोलिसांचे वा त्यांच्या मंत्र्याचे नसावे. गुन्हा लगेच नोंदवावा, तपास त्या जिल्ह्याबाहेरच्या यंत्रणेकडे द्यावा आणि न्यायदंडाधिकाऱ्याची चौकशी पुरी होईपर्यंत सभागृहात कोणी मृत्यूचे कारण सांगू नये. याला पैसा लागत नाही, पदे भरावी लागत नाहीत. फक्त तोंड आवरावे लागते.

आपल्या कार्यकर्त्यांनाही दोन गोष्टी सांगायच्या आहेत. वस्तीतला कोणी उचलला गेला की ठाण्याबाहेर घोषणा देण्याआधी एकाने आत जाऊन अटकेचा पंचनामा मागावा. अंगावरच्या लहानमोठ्या जखमांची नोंद करून घेण्याचा हक्क डी. के. बसू निकालाने अटक झालेल्या प्रत्येकाला १९९६ सालीच दिलेला आहे आणि कोठडीत असेपर्यंत दर अठ्ठेचाळीस तासांनी डॉक्टरी तपासणीही व्हायलाच हवी. दुसरे म्हणजे, पहिल्या रिमांडला वकील उभा असलाच पाहिजे, मग तो कालच सनद मिळालेला का असेना. त्याने एवढेच म्हणावे की, साहेब, हा प्रश्न पोलिसांना बाहेर पाठवून विचारा. आम्ही हे म्हणून पाहिले आहे. काही दंडाधिकारी कपाळाला आठ्या घालतात, पण पोलिसांना बाहेर पाठवतात आणि मग आरोपीचे उत्तर पुष्कळदा बदलते.

मावशींबरोबर आम्ही त्या दिवशी ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदाराने काळा कोट पाहून आम्हाला खुर्ची दिली. मावशी उभ्याच होत्या. आम्ही खुर्ची त्यांच्याकडे सरकवली तर त्या बसेनात. दोन तासांनी फिर्याद लिहून झाली, अंगठा झाला, प्रत हातात मिळाली. बाहेर आल्यावर त्यांनी तो कागद चार घड्या करून पदरात बांधला आणि विचारले, "दादा, आता ते घरी तर नाही ना येणार?" ते म्हणजे चोर नव्हेत, हे आम्हाला विचारावे लागले नाही.