चंदा जमला, पुढे काय?

आपल्या मोहल्ल्यात कुणाचं तरुण पोर गंभीर आजारी पडलं की जुम्म्याच्या नमाजनंतर ऐलान होतं. चंदा जमतो, दुआ होते, पंधरा दिवस त्या घरात पाय ठेवायला जागा नसते. यात वाईट काही नाही. इयादत, म्हणजे आजाऱ्याची विचारपूस, हा मुसलमानाचा मुसलमानावरचा हक्कच आहे. पण आजार पंधरा दिवसांत संपत नाही.

लहान मुलांत जास्त आढळणारा रक्ताचा कर्करोग घ्या. त्याचे उपचार साधारण दोन ते अडीच वर्षं चालतात. सुरुवातीचे महिने केमोथेरपीचे. तेव्हा रोगप्रतिकारशक्ती इतकी घटते की भेटायला येणाऱ्यांची गर्दीच धोक्याची ठरते. नंतर बराच काळ गोळ्या आणि तपासण्या. पोर वरून बरं दिसतं, लोकांना वाटतं सुटलं एकदाचं. घर मात्र इथेच खचतं. बापाचे खाडे, मुंबईच्या फेऱ्या, भावंडांची आबाळ. मग उपचार अर्धवट सुटतात आणि बरा होऊ शकणारा आजार उलटतो.

बी.एड.ला माझ्यासोबत असलेली एक मैत्रीण वसईची, मराठीतच प्रार्थना करणारी कॅथलिक. तिच्या चर्चमधल्या अकरावीच्या मुलाला हाच आजार झाला. पहिल्या रविवारी मिस्सानंतर पैसे जमले, आपल्याकडे जमतात तसेच. वेगळं होतं ते पुढचं. त्यांनी एक वही घातली. कुठल्या आठवड्यात परळला सोबत कोण जाईल, डबा कुणाचा, धाकट्या बहिणीचा अभ्यास कोण घेईल, सगळं तीत लिहिलेलं. रक्तदात्यांच्याही पाळ्या लावल्या, कारण प्लेटलेट्स साठवून जेमतेम पाच दिवस टिकतात. एकाच दिवशी पन्नास जण धावून आले, तर पुढच्या महिन्यात कुणाला बोलावणार? ती वही दोन वर्षं चालली.

अशा कामामागे जुनी शिस्त आहे. 1833 साली पॅरिसमध्ये वीस वर्षांच्या फ्रेडरिक ओझानामने मित्रांसह सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी सुरू केली. गरजूच्या घरी स्वतः जायचं आणि जात राहायचं, ही तिची पद्धत. आज जगभरच्या चर्चमधून हे काम चालतं.

कुणी म्हणेल, त्यांच्याकडे संस्था आहेत, पैसा आहे. असेल. पण वहीला किती पैसे लागतात? जमात आपल्याकडेही आहे, पाच वेळा एकत्र येण्याची सवयही आहे. बैतुलमालमधून एकरकमी देण्याऐवजी दरमहा ठरावीक रक्कम देता येईल. रमजानमध्ये रक्तदाते कमी होतात, तेव्हा इफ्तारनंतरच्या पाळ्या लावता येतील. वही बायकांच्या हाती दिली तर अधिक नीट चालेल, कारण कुणाच्या घरी चूल पेटली नाही हे त्यांना आधी कळतं. आणि तीत शेजारच्या हिंदू, बौद्ध, ख्रिस्ती घरांचीही नावं असू द्यावीत. रक्ताची गरज जमातीपुरती नसते.

दुआ हवीच. पण दोन वर्षं पुरेल अशी सोबतही हवी.

येत्या जुम्म्याला एवढं करा. गेल्या वर्षी ज्या मुलासाठी चंदा जमला होता, तो आता कसा आहे, हे मशिदीत विचारा. उत्तर कुणालाच देता आलं नाही, तर त्याच दिवशी वही घाला.